पान सोडून निघालेली अळी

रेशमाची अळी पान सोडून जात नाही. बीड जिल्ह्यातल्या एका कीटक संगोपनगृहात हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, तेव्हा ते मला निरीक्षणापेक्षा कौतुकच जास्त वाटलं. घरच्या गाईविषयी बोलावं तसा तो शेतकरी आपल्या अळ्यांविषयी बोलत होता. "सर, हिला पाला टाकला की बसल्या जागी खाती. टाकायला उशीर झाला तरी उठून शोधायला जात नाही. मान वर करून वाट बघत बसती." समोर रॅकचे थर, थरांवर तुतीच्या फांद्या, फांद्यांवर पाचव्या अवस्थेतल्या बोटाएवढ्या अळ्या. हजारो वर्षं माणसाने पाळल्यामुळे या किड्याची भटकण्याची हौसच संपली आहे. त्याच्या पतंगाला पंख असूनही उडता येत नाही.

मग त्याने वरच्या थराच्या कडेकडे बोट केलं. लोखंडी पट्टीवरून एक अळी चालली होती. पाल्याकडे पाठ, आणि कुठेतरी पोचायचं असल्यासारखी घाई. अंगावरच्या वळ्या फुगलेल्या, कातडी ताणून तुकतुकीत झालेली. "ही बघा. ही चालाय लागली म्हंजे गेली." लाकडी काड्यांच्या चिमट्याने त्याने ती उचलली. उचलताना कातडी फाटली आणि दुधासारखा पांढरा द्रव काडीवरून ओघळला. अळी आणि काड्या, दोन्ही चुन्याच्या निवळीच्या बादलीत गेल्या.

या रोगाला आपले शेतकरी ग्रासरी म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, अळी तेलकट, चरबट दिसते म्हणून पडलेला. इटलीतल्या रेशीमवाल्यांना तीच अळी पिवळी दिसली, त्यांनी पिवळेपणावरून नाव दिलं. जपान्यांनी आत भरलेल्या द्रवाकडे पाहिलं आणि पुवाचा रोग म्हटलं. तिन्ही नावं मेलेल्या किंवा मरायला टेकलेल्या अळीची आहेत. चालत्या अळीवरून नाव कुणीच दिलं नाही, आणि माझ्या डोक्यात तर तेवढीच राहिली होती. निघताना त्या शेतकऱ्याने मलाच विचारलं, "तिला चालवतं कोण, सर?" मी विषाणू म्हणालो. ते त्यालाही ठाऊक होतं.

त्या प्रश्नाला आज निदान अर्धं उत्तर आहे, आणि ते विषाणूतल्या एका जनुकापाशी येऊन थांबतं. पण जनुक सापडणं वेगळं आणि त्या जनुकापासून होणारं प्रथिन प्रत्यक्ष हाती लागणं वेगळं. हे पुस्तक त्या दोन गोष्टींमधल्या अंतराविषयी आहे. वर्तमानपत्रांत 'अमुक गोष्टीचं जनुक सापडलं' अशी बातमी येते तेव्हा वाचकाची समजूत होते की काम संपलं. रेशमाच्या अळीच्या विषाणूत तरी ते तिथे सुरू झालं, आणि तीस वर्षं झाली तरी पुरतं संपलेलं नाही.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण तो पुढच्या प्रकरणांत येणारच आहे. माणसाने सूक्ष्मजीवांना रोगाचं कारण म्हणून ओळखलं, त्यात या किड्याचा वाटा मोठा. इटलीत अगोस्तिनो बासीने 1835 साली रेशीमकिड्याचा मस्कार्डिन हा रोग बुरशीमुळे होतो हे दाखवलं. 1865 मध्ये लुई पाश्चर दक्षिण फ्रान्समधल्या अलेस गावी गेला आणि काही वर्षं अळ्यांच्या रोगांमध्ये गुंतला. त्याच्यापुढे मुख्यतः पेब्रिन आणि फ्लॅचरी होते. ग्रासरी बाजूलाच राहिली. ग्रासरीच्या अळीच्या रक्तात चमकदार, बहुकोनी कण दिसतात हे 1856 साली मायेस्त्री आणि कोर्नालिया या इटालियनांनी नोंदवलं होतं. हे कण दोन-तीन मायक्रॉनचे, म्हणजे कॉलेजातल्या साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसतील एवढे. ते काय आहेत हे कळायला मात्र जवळजवळ शंभर वर्षं लागली. 1947 मध्ये गेर्नोट बेर्गोल्डने ते कण सौम्य अल्कलीत विरघळवले आणि आतून बाहेर पडलेल्या काडीसारख्या विषाणूंचं इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली चित्र घेतलं.

म्हणजे बहुकोनी कण ही पेटी आहे आणि विषाणू तिच्यात भरलेले आहेत. पेटी पॉलिहेड्रिन या प्रथिनाची. माती, ऊन, पाऊस तिला फारसं काही करत नाहीत. अळीने पाल्याबरोबर ती गिळली की तिच्या आतड्यातल्या तीव्र अल्कलीत ती विरघळते आणि माल बाहेर पडतो. संगोपनगृह धुऊन, पुसून, ब्लीचिंग पावडर मारूनही पुढच्या बॅचला ग्रासरी का येते, याचं कारण बहुतेक वेळा अशी फटीत राहून गेलेली पेटी असते. विषाणूचं शास्त्रीय नाव लांबलचक आहे. आपण त्याला बीएमएनपीव्ही म्हणू.

1999 साली गोमी, माजिमा आणि माएदा या जपानी संशोधकांनी बीएमएनपीव्हीच्या एका वाणाचा संपूर्ण डीएनए वाचून प्रसिद्ध केला. 1,28,413 अक्षरं. त्यात त्यांना 136 संभाव्य जनुकं दिसली. 'संभाव्य' या शब्दावर जरा थांबायला हवं.

ज्यांनी मोडी कागद हाताळले आहेत त्यांना ही अडचण चटकन कळेल. मोडीत बोरू उचलायचा नाही आणि दोन शब्दांमध्ये जागा सोडायची नाही अशी वहिवाट. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही बहुधा नाही. मुळाक्षरं आठवड्याभरात शिकता येतात, पण पेशवे दफ्तरातला कागद समोर आला की अक्षर न् अक्षर लागूनही ओळ लागत नाही, कारण शब्द कुठे तुटतो ते कागद सांगत नाही. ते वाचणाऱ्याला भाषेवरून आणि प्रसंगावरून ठरवावं लागतं. डीएनएमध्ये अक्षरं चारच, शब्द तीन-तीन अक्षरांचे आणि मध्ये रिकामी जागा नाही. एका अक्षराने पुढे सरकून सुरुवात केली तर पुढचे सगळे शब्द बदलतात. उलट दिशेनेही वाचता येतं, कारण दुसरा धागा उलटा जातो. म्हणजे एकाच मजकुराची सहा वाचनं. या सहांपैकी जिथे सुरुवातीची खूण आहे, शेवटाची खूण आहे आणि मध्ये पुरेसा लांब अखंड मजकूर आहे, तिथे जनुक असावं असा अंदाज करायचा. 'पुरेसा लांब' म्हणजे किती? 1999च्या त्या निबंधात साठ अमिनो आम्लांपेक्षा लांब प्रथिनाचा मजकूर तेवढा धरला होता. असा आकडा सोयीने ठरवावा लागतो. विषाणूने तो पाळायचा करार केलेला नाही.

या 136 पैकी काहींची ओळख आधीच पटलेली होती, काहींची दुसऱ्या एका विषाणूवरून पटली. हा दुसरा विषाणू कॅलिफोर्नियात लसूणघासावरच्या उंटअळीत सापडलेला. एसीएमएनपीव्ही हे त्याचं नाव. मी त्याला बीएमएनपीव्हीचा भाऊबंद म्हणतो. या दोघांच्या प्रथिनांत साधारण नव्वद टक्क्यांहून अधिक साम्य आहे, तरी भाऊबंद एरवी रेशमाच्या अळीला मारू शकत नाही. 1994 मध्ये फ्रान्समधल्या क्रोआझिए यांच्या गटाने डीएनएची वीण उलगडणाऱ्या हेलिकेज प्रथिनाच्या जनुकातला एक छोटासा तुकडा बीएमएनपीव्हीतून उचलून भाऊबंदात बसवला, आणि तो रेशमाच्या अळ्या मारू लागला. फरक पडला तो मोजक्या अमिनो आम्लांचा. हे काम झालं ते पाश्चर गेला होता त्या अलेसच्या अगदी शेजारच्या गावात. योगायोग म्हणावा, की रेशमाने एकदा धरलेला मुलूख सहजी सोडला नाही असं म्हणावं!

तर मजकूर वाचून जनुकाचा अंदाज करता येतो. पण त्या जनुकापासून खरोखर प्रथिन होतं का, केव्हा होतं, केवढं होतं, आणि मुळात एकच होतं का? शेवटचा प्रश्न बावळट वाटेल. एक जनुक, एक प्रथिन हे आपण शाळेत घोकलेलं असतं. या विषाणूंच्या बाबतीत ते कुठे मोडतं याचं सर्वांत चांगलं उदाहरण आयई-1 हे जनुक आहे. विषाणू पेशीत शिरल्यावर अगदी सुरुवातीला जी जनुकं जागी होतात त्यांतलं हे एक, आणि बाकीच्यांना जागं करण्याचं काम याचं. ते रद्द केलं तर विषाणूची वाढच होत नाही. 1988 मध्ये चिझम आणि हेनर यांनी भाऊबंदात या जनुकाचे आरएनए तपासले तेव्हा एकाऐवजी दोन प्रकारचे सापडले. एक सरळ जनुकापासून निघालेला. दुसरा सुमारे चार हजार अक्षरं मागून सुरू झालेला, मधला सगळा मजकूर कापून टाकून आयई-1ला येऊन जोडलेला. पहिल्यापासून 582 अमिनो आम्लांचं प्रथिन होतं, दुसऱ्यापासून 636चं. शेपटीकडून दोन्ही सारखी. दुसऱ्याच्या डोक्यावर 54 अमिनो आम्लांचं पागोटं. त्याला आयई-0 म्हणतात.

मजकुराकडे नुसतं बघून हे पागोटं दिसलं नसतं. आणि ते शोभेचं नाही. 2005 साली कॅनडातल्या एका गटाने विषाणूत दोन्हींपैकी एकच ठेवून पाहिलं. दोहोंपैकी कुठलंही एक असलं तरी विषाणू वाढतो, पण मूळ विषाणूच्या जोमाने वाढायला दोन्ही लागतात. आता आयई-1चं कार्य काय, या प्रश्नाला एका ओळीत उत्तर कसं द्यायचं? त्या विषयावरचं प्रकरण या पुस्तकात सर्वांत लांब झालं आहे, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

प्रथिन ओळखायचं म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं हे या प्रस्तावनेतच सांगायला हवं, नाहीतर पुढे येणाऱ्या 'पट्ट्या' वाचकाला कळणार नाहीत. जनुकाचा मजकूर कापून एका निरुपद्रवी जिवाणूत घालायचा. जिवाणू ते प्रथिन भरपूर बनवतो. ते शुद्ध करून सशाला टोचायचं. सशाच्या रक्तात त्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात. हा झाला आपला साक्षीदार. मग विषाणूची लागण झालेल्या अळीच्या पेशी घ्यायच्या, लागण होऊन सहा तास, बारा तास, चोवीस तास, अठ्ठेचाळीस तास झालेल्या अशा वेगवेगळ्या. त्यांतली सगळी प्रथिनं साबणासारख्या रसायनात उलगडून जेलीच्या पातळ वडीत विजेच्या जोरावर पळवायची. लहान प्रथिनं पुढे जातात, मोठी मागे रेंगाळतात. 1970 साली लेम्लीने ही युक्ती जशी मांडली तशीच ती आजही जगभर चालते. जेलीवरची प्रथिनं एका कागदावर उमटवून घ्यायची आणि त्यावर सशाचा साक्षीदार सोडायचा. तो जिथे चिकटेल तिथे पट्टी दिसते. आयई-1च्या साक्षीदाराने एकाच रांगेत एकमेकींच्या वर अशा दोन पट्ट्या दाखवल्या, म्हणजे दोन प्रथिनं.

या कागदी पद्धतीचं नाव वेस्टर्न. त्यामागे पश्चिम दिशेचा काही संबंध नाही. डीएनएसाठी अशी पद्धत एडविन सदर्नने 1975 मध्ये काढली, तिला त्याच्या आडनावावरून सदर्न म्हणू लागले. मग आरएनएच्या पद्धतीला कुणीतरी गमतीने नॉर्दर्न म्हटलं आणि प्रथिनांची वेस्टर्न झाली. हे विनोद पाठ्यपुस्तकांत शिरून आता गंभीर चेहऱ्याने बसले आहेत.

साक्षीदार खोटंही बोलतो. प्रयोगशाळेत काढलेल्या वर्षांपैकी जवळजवळ चार महिने मी अशा एका पट्टीवर घालवले आहेत. पट्टी ठसठशीत, वजन अपेक्षेइतकंच, दर वेळी त्याच जागी. मी खूश. लागण न झालेल्या पेशींची रांग शेजारी ठेवायची असते, ती मी जेलीत जागा कमी पडते म्हणून दोनदा गाळली होती. तिसऱ्यांदा ठेवली तर पट्टी तिच्यातही हजर! सशाची प्रतिपिंडं अळीच्याच कुठल्यातरी प्रथिनाला चिकटत होती. आमच्या मार्गदर्शक बाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त कागद उलटा करून त्यावर तारीख घातली. तेव्हापासून कुठल्याही निबंधातलं चित्र पाहताना मी आधी रिकामी रांग शोधतो. त्याहून भक्कम पुरावा म्हणजे ते जनुकच काढून टाकलेला विषाणू. त्याच्या रांगेत पट्टी नाहीशी झाली पाहिजे आणि जनुक परत बसवलं की परत आली पाहिजे.

जनुकं एकेक करून काढण्याचं हे काम बीएमएनपीव्हीवर पद्धतशीर झालेलं आहे. 2012 मध्ये होक्काइदो विद्यापीठातल्या संशोधकांनी 141 जनुकं एका वेळी एक अशी रद्द करून तितके विषाणू तयार केले आणि प्रत्येकाचं काय होतं ते पाहिलं. बऱ्याच जनुकांवाचून विषाणूचं पेशींत फारसं अडत नाही असं दिसलं. म्हणजे ती निरुपयोगी का? बशीतल्या पेशींना पाय नसतात. त्यांना पान सोडून चालत जाता येत नाही. अळीला चालायला लावणारं जनुक बशीत काढून टाकलं तर विशेष काही बिघडलेलं दिसणारच नाही.

इथे मी माझ्या आवडत्या गोष्टीपाशी येतो. 2005 साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या शिझुओ कामिता आणि सहकाऱ्यांनी, त्यांत जपानी संशोधकही होते, बीएमएनपीव्हीतलं पीटीपी नावाचं जनुक काढून टाकलं. अळ्यांना लागण झाली, अळ्या मेल्या, पण मरण्याआधी त्या चालत सुटल्या नाहीत. मूळ विषाणूची लागण झालेल्या अळ्या पुष्कळ अंतर तुडवतात. या तिथल्या तिथे राहिल्या. युरोपातल्या वनरक्षकांना दुसऱ्या एका अळीत असंच काही एकोणिसाव्या शतकापासून माहीत होतं. रोगट अळ्या झाडाच्या शेंड्यावर जाऊन मरतात म्हणून जर्मन लोक त्याला शेंड्याचा रोगच म्हणत. उंचावर मेलेली अळी फुटली की विषाणू खालच्या पानांवर टपकतात. रॅकच्या कडेवरून चाललेली आपली अळी कुठल्या शेंड्याकडे जात नसली, तरी तिचे पाय हलवणारा हात त्याच जातीचा.

पीटीपी हे नाव एका विकराच्या नावाचं लघुरूप आहे. प्रथिनांतल्या टायरोसिन या अमिनो आम्लावर चिकटलेला फॉस्फेट काढून टाकणारं विकर. अशी विकरं पेशीतले निरोप चालू-बंद करतात, म्हणून सगळ्यांनी सहज मानलं की विषाणूचं हे विकर अळीच्या मज्जासंस्थेतला कुठला तरी निरोप बिघडवत असणार. पण नाव हे प्रथिनाच्या चेहऱ्यावरून दिलेलं होतं. भाऊबंदातलं हेच प्रथिन, 168 अमिनो आम्लांचं, 1998 साली तपासलं गेलं तेव्हा ते आरएनएच्या टोकावरचे फॉस्फेटही काढतं असं निघालं. म्हणजे टायरोसिनचा कारागीर म्हणून जो ओळखला जातो त्याचा हात आरएनएवरही चालतो.

आणि 2012 मध्ये टोकियो विद्यापीठातले सुसुमु कात्सुमा व सहकारी यांनी, त्यांत कामिताही होते, आणखी एक पाऊल टाकलं. त्यांनी प्रथिन जवळजवळ जसंच्या तसं ठेवलं, फक्त विकराच्या कामाचं मर्म ज्या सिस्टीनमध्ये असतं ते बदललं. नारायणराव पेशव्यांना 'धरावे' या हुकुमातला ध बदलून मा केल्याची आख्यायिका आपल्याला माहीत आहे; इथे तसाच एका जागचा बदल होता, फक्त उलट हेतूने. हत्यार बोथट करायचं आणि काय होतं ते पाहायचं. आता विकर मेलेलं, प्रथिन मात्र हजर. अळ्या चालतच राहिल्या! प्रथिनच होऊ दिलं नाही तेव्हा त्या चालायच्या थांबल्या. मग हे प्रथिन करतं काय? ते विषाणूच्या शरीरातच सापडलं, त्याच्या बांधणीतल्या दुसऱ्या एका प्रथिनाला धरून बसलेलं. ते नसलं की विषाणूची अळीच्या मेंदूतली लागण ढिली पडते. नावाने विकर आणि कामाने वीट, असा हा प्रकार आहे. शिवाय या विटेचं माहेरही सापडलं: पीटीपीचं जनुक विषाणूच्या पूर्वजाने कुठल्यातरी यजमान किड्याकडूनच उचललेलं असावं, असं वंशावळ सांगते. अळीचंच सामान घेऊन विषाणूने अळीला घराबाहेर काढलं.

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. त्याच वर्षी नेदरलँड्समधल्या एका गटाने भाऊबंद विषाणू घेऊन, लष्करी अळीच्या कुळातल्या एका अळीवर, जवळपास तोच प्रयोग केला. तिथे हत्यार बोथट केल्यावर अळ्या चालायच्या थांबल्या. म्हणजे तिथे विकराचं कामच लागतं. जनुक तेच, प्रथिनाचा चेहरा तोच, परिणाम तोच, आणि रीत निराळी. माझ्या मते या दोन निबंधांत कुणी एक चूक असण्याचं कारण नाही. विषाणू निराळा, किडा निराळा, आणि विषाणूला उत्तर सुंदर दिसावं अशी काही फिकीर नाही. पण ज्यांना प्रथिनांची यादी करून प्रत्येकापुढे एक काम लिहायचं आहे त्यांची इथे पंचाईत होते, आणि मला ती पंचाईत आवडते हे कबूल करतो.

या सगळ्याचा उपयोग काय, हा प्रश्न मराठी वाचक विचारतोच, आणि त्याने विचारावाच. एक उत्तर पॉलिहेड्रिनपासून सुरू होतं. शेवटच्या टप्प्यात विषाणू हे पेटीचं प्रथिन इतक्या प्रचंड प्रमाणात बनवतो की ते जनुक चालू करणारी कळ घेऊन तिच्यापुढे दुसरं कुठलंही जनुक बसवलं तर तेही तितक्याच जोरात चालतं. 1983 मध्ये अमेरिकेत स्मिथ आणि समर्स यांच्या गटाने भाऊबंदाची कळ वापरून किड्याच्या पेशींत मानवी इंटरफेरॉन बनवलं. 1985 मध्ये सुसुमु माएदा यांनी बीएमएनपीव्ही वापरून जिवंत रेशीमअळीतच मानवी इंटरफेरॉन तयार करून दाखवलं. 1994 पासून जपानात मांजरांसाठीचं इंटरफेरॉनचं औषध अशा अळ्यांपासून बनवून विकलं गेलं. आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली कोव्होव्हॅक्स, जिला 2021च्या डिसेंबरात भारतात आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली, तिच्यातलं करोनाचं काटेरी प्रथिन या भाऊबंदाच्या घराण्यातल्या विषाणूकडून किड्याच्या पेशींत करवून घेतलेलं होतं. दंडावर ती सुई घेणाऱ्या किती जणांना उंटअळीची आठवण झाली असेल?

दुसरं उत्तर आपल्या शेतकऱ्याच्या जास्त जवळचं आहे. कुठल्या प्रथिनावाचून विषाणूचं खरोखर अडतं हे कळलं तर ते बनूच न देण्याचा मार्ग सुचतो. हैदराबादच्या सीडीएफडी या संस्थेत जे. नागराजू आणि सहकाऱ्यांनी विषाणूच्या एकाहून अधिक जनुकांचे निरोप आतच कापून टाकणाऱ्या रेशीमअळ्या तयार केल्या आणि त्या विषाणूला जास्त दाद देत नाहीत असं 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवलं. एका जनुकाऐवजी अनेक का, हे वर आयई-1ची जी हकीकत सांगितली तिच्यावरून वाचकाला कळेल. दरम्यान शेडमध्ये चुना, ब्लीचिंग पावडर, कात टाकल्यावर टाकायची विजेता पावडर आणि शेजारच्याला आत न येऊ देण्याची शिस्त, हेच चालू आहे. 2018 मध्ये जालन्याला कोष बाजारपेठ झाल्यापासून मराठवाड्याच्या शेतकऱ्याचा कोष विकायला कर्नाटकातल्या रामनगरला जाण्याचा हेलपाटा वाचू लागला. पण बाजार जवळ आला तरी बॅच शेवटच्या चार दिवसांत गेली की विकायला काही उरत नाही. अंडी फुटल्यापासून पंचवीस दिवसांत अळी साधारण दहा हजार पट वजन घेते. पाल्याचा बहुतेक खर्च त्या शेवटच्या दिवसांतच झालेला असतो, आणि ग्रासरी तेव्हाच गाठते.

परिभाषेबद्दल दोन शब्द. प्रोटीन हा शब्द आता गावोगाव कळतो, तरी मी प्रथिन लिहिलं आहे, कारण शाळेच्या पुस्तकापासून तोच आपल्या परिचयाचा आहे आणि 'प्रथिनं' असं अनेकवचन सुखाने होतं. एन्झाइमला विकर म्हटलं, ॲन्टिबॉडीला प्रतिपिंड. जेलला मात्र जेलच ठेवायचं की जेली म्हणायचं यावर बराच घोळ घातला आणि शेवटी दोन्ही ठेवलं. अंडीपुंज, चॉकी, चंद्रिका, बॅच हे शब्द रेशीमवाल्यांचे आहेत. ते मी समजावून सांगितले आहेत, बदललेले नाहीत. ज्यांना रसायनशास्त्राची धास्ती आहे त्यांनी चौथं प्रकरण सोडून पाचव्याकडे जावं. काही बिघडणार नाही. ज्यांच्या घरी शेड आहे त्यांनी सहावं आधी वाचलं तरी चालेल.

पुस्तक लिहून होत आलं तेव्हा मी बीडला पुन्हा जाऊन आलो. त्या शेतकऱ्याची नवी बॅच चौथ्या कातेतून नुकतीच उठली होती. त्याला मी पीटीपीची हकीकत सांगितली, वीट आणि विकरासकट. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे ती चालाय लागायच्या आधी कळंल का?" मी म्हणालो, रक्ताचा थेंब घेऊन सशाच्या साक्षीदाराने तपासला तर एखाद-दोन दिवस आधी कळू शकेल. "एका अळीचं?" तो म्हणाला. हो, ज्या अळीचं रक्त घेतलं त्या अळीचं. त्याने शेडभर नजर फिरवली. दीडशे अंडीपुंजांची बॅच होती, म्हणजे साठ हजारांच्या आसपास अळ्या. मग रॅकच्या कडा बघत तो पुढे गेला, हातात काड्या घेऊन. पहिलं प्रकरण तिथूनच सुरू होतं.